तव शुभ आशिस 'मागे' – म्हणजे कुणाच्या मागे?

दुपारचा चहा

नमस्कार मंडळी. गेली कित्येक वर्षं नुसती वाचनमात्र आहे. आज पहिल्यांदाच धागा काढते आहे, कारण घरात कुणी ऐकून घेत नाहीये.

लेक दुसरीत आहे. परवा तिच्या डायरीत लाल पेनाने शेरा आला: "राष्ट्रगीत चालू असताना हालचाल केली. राष्ट्रगीत पाच वेळा लिहून आणणे. पालकांची सही." हालचाल काय, तर पोटरीला डास चावला आणि तिने तो दुसऱ्या पायाच्या बुटाने खाजवला. जागा सोडली नाही, बोलली नाही, हसली नाही.

संध्याकाळी ओट्याशेजारी बसून लिहायला घेतलं. मी कणीक मळत होते. पहिल्या खेपेलाच नजर गेली तर लिहिलं होतं, 'उच्छल जल दीतरंग'. म्हटलं, अगं दीतरंग काय? तर मलाच समजावायला लागली, "रंग आहे आई तो. झेंड्यात केशरी, पांढरा, हिरवा, आणि मधल्या चक्राचा दीतरंग." इतकी खात्री होती तिच्या आवाजात की मलाही क्षणभर वाटलं, असेल बुवा.

तिसऱ्या खेपेला पेन्सिल थांबली. "आई, आशिस कोण असतो? तो आपल्या मागे उभा असतो का? म्हणून सावधानमध्ये मागे वळून बघायचं नाही?"

मला हसू आलं, आणि मग आलं नाही. कारण मी स्वतः बालवाडीपासून कॉलेजपर्यंत, मग ऑफिसात पंधरा ऑगस्टला, मग थेटरात, हजारो वेळा हे गाणं म्हटलंय. 'आशिस मागे' म्हणजे आशीर्वाद मागतात हे अंदाजाने सांगितलं तिला, पण कोण मागतं? विचारल्यावर माझी गाडी अडली. 'गाहे' म्हणजे काय तेही ठाऊक नाही. मी आयुष्यभर 'गाये' म्हणत आले आहे.

नवऱ्याचं म्हणणं, आपण नाही का असंच शिकलो, काय बिघडलं. सासूबाई म्हणाल्या, सही कर आणि जेवायला वाढ.

तर प्रश्न असा: राष्ट्रगीत शाळेने 'शिकवायचं' असतं की रोज म्हणून म्हणून ते आपोआप यायचं असतं? शिकवायचं असेल तर काय, चाल, शब्द, अर्थ, की नुसतं ताठ उभं राहणं? आणि राष्ट्रगीत लिहून काढायची शिक्षा देणं तुम्हाला पटतं का? मला कसंसंच झालं. ज्या गाण्यासाठी उभं राहायचं तेच शिक्षेला वापरायचं?

---

बंडोपंत

ताई, राग मानू नका, पण हा प्रश्न जरा कीस काढल्यासारखा वाटला.

आपण गणपतीची आरती किती वर्षं म्हणतो? आमच्या वाड्यात निम्मी पोरं 'लंबोदर पीतांबर फळीवर वंदना' म्हणायची. मी तर तिसरीपर्यंत आमच्या देवघराच्या फळीला नमस्कार करायचो, खरंच. 'संकटी पावावे'चं 'संकष्टी पावावे' तर अजून पन्नाशीची माणसं म्हणतात. म्हणून काय भक्ती कमी झाली? आधी सूर अंगात भिनतो, अर्थ मागाहून येतो. कुणाला येतो, कुणाला नाही. आईची अंगाई कुणी अर्थ समजून ऐकली होती?

राष्ट्रगीत शाळेत शिकवलंच पाहिजे, त्यात वाद नाही. पण दुसरीतल्या पोराला उत्कल म्हणजे काय नि बंग म्हणजे काय हे समजावत बसलात तर त्याला तो इतिहासाचा धडा वाटेल. बावन्न सेकंद उभं राहायचं, सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणायचं, एवढं पुरे आहे. त्या एका सुरातच सगळं आलं.

शिक्षेबद्दल मात्र सहमत. आम्हाला पाढे लिहायची शिक्षा असायची, तेव्हापासून मला सत्तावीसचा पाढा आवडत नाही.

---

खडू-डस्टर

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली, त्यातली बरीचशी डोंगरातल्या दोनशिक्षकी शाळेत. म्हणजे पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे, आणि गुरुजी मीटिंगला गेले की चारही वर्ग माझ्याकडे. तेव्हा थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

चहाताई, तुमच्या लेकीचं काही चुकलेलं नाही. ती मराठी मुलगी आहे आणि तिने मराठीत ऐकलं. मराठीत 'मागे' म्हणजे पाठीमागेच. गाणं बंगालीत आहे हे तिला कुणी सांगितलंच नसेल. मी बदलून आले की नव्या वर्गाला पहिला प्रश्न हाच विचारायची, राष्ट्रगीत कुठल्या भाषेत आहे? पोरं म्हणायची हिंदीत. थोडी हुशार पोरं म्हणायची संस्कृतमध्ये. एका शाळेत एकाने मराठीत म्हटलं, कारण त्यात 'मराठा' आहे.

शब्द बहुतेक संस्कृत, पण क्रियापदं बंगाली. जागे, मागे, गाहे ही तीन. जागे होतात, मागतात, गातात. बंगालीत एक असो की अनेक, क्रियापद बदलत नाही, म्हणून 'मागती' न होता 'मागे'च राहतं. आणि बंडोपंत, हे तुमच्यासाठी: 'दास रामाचा वाट पाहे सदना' म्हणता ना? त्यातलं 'पाहे' म्हणजे काय? पाहतो. जुन्या मराठीतही असंच रूप होतं. पोरांना मी आरतीवरूनच सांगायची. वाट पाहे म्हणजे पाहतो, तसं आशिस मागे म्हणजे मागतात. तेवढ्यात डोळे चमकायचे. तुमच्या फळीवरूनच हा रस्ता जातो, अर्थ वेगळा आणायला कुठे जावं लागत नाही.

आता कोण मागतं? ताई, तुमची गाडी जिथे अडली तिथे माझीही नोकरीच्या पहिल्या वर्षी अडली होती. नीट बघा, पंजाबपासून तरंगापर्यंत एकही क्रियापद नाही. नुसती नावं आहेत. ती सगळी मिळून कर्ता. पंजाब, सिंध, गुजरात, मराठा, द्राविड, उत्कल, बंग, विंध्य, हिमाचल, यमुना, गंगा, उसळणाऱ्या समुद्राच्या लाटा, हे सगळे तुझ्या शुभ नावाने जागे होतात, तुझा शुभ आशीर्वाद मागतात, तुझ्या जयाची गाथा गातात. तू म्हणजे भारताचा भाग्यविधाता. ओळी पाच-सहा, पण वाक्य एकच आहे. हे मला कळलं त्या दिवशी मी एकटीच वर्गात बसून हसले होते.

मग मी काय करायची ते सांगते. खो-खोचं मैदान आखायला चुन्याची फक्की असते, ती घ्यायची आणि शाळेपुढच्या अंगणात भारताचा मोठा नकाशा आखायचा. वाकडातिकडा झाला तरी चालतो, माझं काश्मीर दर वर्षी वेगळं व्हायचं. मग एकेका पोराला नाव द्यायचं आणि जागेवर उभं करायचं. सगळ्यात उंच पोरगा हिमाचल. विंध्याने मात्र वाकून उभं राहायचं, कारण अगस्तीची गोष्ट सांगितलेली असायची, ऋषी परत येईपर्यंत वर उठायचं नाही. गंगा-यमुना दोघी मैत्रिणी, वरून वेगवेगळ्या यायच्या आणि प्रयागला हात धरायच्या. द्राविड म्हटलं की पोरांना एकच माणूस माहीत, त्यामुळे त्या जागेसाठी भांडणं. एकदा द्राविड झालेला पोरगा काटकीची बॅट घेऊनच उभा राहिला. उरलेली सगळी पिल्लं तिन्ही बाजूंनी समुद्र. त्यांनी उड्या मारायच्या. जलधि म्हणजे समुद्र, जलधितरंग म्हणजे समुद्राच्या लाटा, उच्छल म्हणजे उसळणाऱ्या. हा शब्द एकदा अंगाने उड्या मारून शिकलं की जन्मात पुन्हा कुणी 'दीतरंग' लिहीत नाही.

मग मी नकाशाच्या मध्ये उभी राहून विचारायची, कोण जागं झालं? सगळे ओरडायचे, आम्ही! कोण मागतंय? आम्ही!

एका वर्षी सिंध झालेला पोरगा रडवेला झाला. नकाशात त्याची जागा रेषेच्या बाहेर पडली, कच्छच्या वर, पलीकडे. "बाई, मी एकटाच बाहेर का?" आता सातआठ वर्षांच्या मुलाला फाळणी कशी सांगायची? मी सांगितलं, हे गाणं लिहिलं तेव्हा तू आतच होतास. आणि खरंच होता. १९११ साली सिंध आपल्याच मुंबई इलाख्यात होता, १९३६ साली वेगळा झाला. उत्कल, म्हणजे आजचा ओडिशा, तेव्हा बंगालला जोडलेला होता आणि महाराष्ट्र नावाचं राज्य तर व्हायचंच होतं, ते १९६० साली झालं. म्हणजे कवी राज्यांची यादी देत नव्हता, माणसं मोजत होता. नंतर सिंधची जमीन तिकडे राहिली, पण लाखो सिंधी इकडे आले. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत त्यांची सोय केली, तिथेच पुढे उल्हासनगर उभं राहिलं. हा शब्द गाण्यातून काढावा म्हणून सुप्रीम कोर्टापर्यंत लोक गेले होते, २००५ साली कोर्टाने ती मागणी फेटाळली. पोराला एवढं सगळं नाही सांगितलं. मी फक्त म्हटलं, रेषा नंतर आखली, तू आधीपासून आहेस. त्याने पायाने तिथली फक्की पुसली आणि आत येऊन उभा राहिला. मीही पुन्हा आखली नाही.

बंडोपंत, ह्यात इतिहासाचा धडा कुठे आला? पाऊण तासाचा खेळ आहे. वर्षातून एकदा, जूनमध्ये पाऊस लागायच्या आधी.

चालीचंही एक सांगते. पोरं नेहमी फार वरच्या पट्टीत सुरुवात करतात, कारण 'शुरू कर' हा हुकूमच वरच्या पट्टीत असतो. मग शेवटच्या ओळीतलं पहिलं 'जय हे' आलं की आवाज फाटतो, आणि फाटला की पोरं हसतात, आणि हसली की शिक्षा. निम्म्या शिक्षा पट्टीच्या चुकीने होतात. बाईंनी आधी एकदा खालच्या सुरात 'ज–न' गुणगुणून सूर द्यावा, पुरतं. आमच्याकडे पेटी नव्हती, मी डब्याच्या झाकणावर ताल धरायची. घड्याळ लावलं तर बावन्न सेकंदांचं गाणं आमची पोरं पंचेचाळिसात संपवायची, कारण पुढे खिचडीची शिट्टी ऐकू यायची.

शिक्षा म्हणून लिहायला देणं मला अजिबात पटत नाही. डास चावला तर खाजवणार नाही तर काय.

---

सकाळी सहा

छान माहिती बाई. पण शाळेत शिकवायचं तर पूर्ण सत्य शिकवा. हे गीत पंचम जॉर्जच्या स्वागतासाठी लिहिलं होतं, भाग्यविधाता म्हणजे तोच. आणि दुसरीकडे युनेस्कोने याला जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत म्हणून गौरवलं आहे, ह्याचाही अभिमान मुलांना हवा. दोन्ही मेसेज माझ्याकडे आहेत, कुणाला हवे असतील तर पाठवतो.

---

खडू-डस्टर

सहा, दोन्ही राहू द्या तुमच्याकडेच.

युनेस्कोने असलं काही कधी जाहीर केलेलं नाही. ते ढकलपत्र माझ्या भाच्याकडून, जावेकडून आणि सोसायटीच्या चेअरमनकडून, तिघांकडून मला आलेलं आहे.

जॉर्जचं म्हणाल तर घोळ कसा झाला ते ऐका. २७ डिसेंबर १९११ रोजी कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात हे गाणं पहिल्यांदा म्हटलं गेलं. त्याच महिन्यात दिल्लीचा दरबार झालेला, बंगालची फाळणी रद्द झालेली, आणि अधिवेशनात बादशहाच्या स्वागताचं वेगळं एक हिंदी गाणंही म्हटलं गेलं. इंग्रजी वर्तमानपत्रांनी दोन्हींची खिचडी करून छापली. रवींद्रनाथांनी स्वतः १९३७ साली पत्र लिहून हा आरोप झटकला आहे. आणि सगळ्यात सोपा पुरावा गाण्यातच आहे. कडवी पाच आहेत, आपण पहिलंच म्हणतो. तिसऱ्यात ह्या भाग्यविधात्याला चिरसारथी म्हटलंय, आणि चौथ्यात म्हटलंय स्नेहमयी माता, वाईट स्वप्नात मांडीवर घेऊन सांभाळणारी. आता पंचम जॉर्जला, त्या मिशांसकट, स्नेहमयी माता कोण म्हणेल सांगा.

---

तास दुसरा

इतका वेळ वाचत होतो, आता लिहितोच. मी शिकवतो. शहरात, मोठ्या शाळेत. आणि मी असा शेरा लिहिलेला आहे. डासासाठी नाही, पण लिहिलाय.

खडू-डस्टर बाईंचा नकाशा वाचून बरं वाटलं आणि थोडं वाईटही. माझ्या वर्गात अठ्ठावन्न मुलं आहेत. मैदान आहे, पण त्यावर सकाळी बसगाड्या उभ्या असतात. परिपाठ वर्गातल्या स्पीकरवर होतो. राष्ट्रगीत, २०२३ पासून राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या. राष्ट्रगीत ध्वनिमुद्रित असतं, बॅण्डवर वाजवलेलं. मुलं नुसती उभी राहतात, ओठ हलवतात. आणि त्या वेळात आम्ही शिक्षक काय करतो तर कोण हलतंय ते बघतो, कारण सुपरवायझर व्हरांड्यातून कोण हलतंय ते बघत असतात.

म्हणजे बघा, गाणं कुणीच म्हणत नाही, सगळे एकमेकांवर लक्ष ठेवतात. मी हा विचार आजच पहिल्यांदा केला असं नाही, पण लिहून आजच बघितला.

बालभारतीच्या प्रत्येक पुस्तकात सुरुवातीच्या पानांवर राष्ट्रगीत आणि प्रतिज्ञा छापलेली असते. पहिलीपासून दहावीपर्यंत. इतकी वर्षं ते पान मी मुलांना कधी उघडायला सांगितलेलं नाही. 'काढा पान नंबर एक' म्हटलं की आपण ते पान ओलांडूनच पुढे जातो. तिथे खाली एक ओळ मराठी अर्थाची असती तर? असो, ते माझ्या हातात नाही.

चहाताई, त्या शिक्षिकेला भेटा, पण डायरी हातात घेऊन जाऊ नका. डायरी दिसली की आमचा चेहरा बदलतो, खोटं नाही सांगत.

---

कोर्टाची पायरी

व्यवसायाने वकील, पण फुकटचा सल्ला नाही, फक्त वस्तुस्थिती.

गृहमंत्रालयाच्या आदेशात असं आहे की शाळेचं दिवसाचं काम राष्ट्रगीताच्या सामुदायिक गायनाने सुरू करता येईल, आणि राष्ट्रगीत विद्यार्थ्यांत रुजावं म्हणून शाळेने पुरेशी तरतूद करावी. 'सामुदायिक गायन' हा शब्द महत्त्वाचा. स्पीकरवर बॅण्ड लावून ओठ हलवणं म्हणजे गायन नव्हे. राष्ट्रगीत वाजताना सावधान उभं राहावं हेही त्याच आदेशात आहे. राज्यघटनेच्या ५१-क कलमात राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीताचा आदर हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हटलंय, ते १९७६ साली आलं.

राष्ट्रीय मानचिन्हांच्या अपमानाविरुद्ध १९७१ चा कायदा आहे, त्यात राष्ट्रगीताच्या बाबतीत दोनच गोष्टी गुन्हा आहेत: मुद्दाम ते म्हणण्यापासून कुणाला रोखणं, आणि म्हणत असलेल्या समुदायात गोंधळ घालणं. तीन वर्षांपर्यंत शिक्षा. पोटरी खाजवणं त्यात बसत नाही, खात्री बाळगा.

आणि ह्या धाग्याला जवळचा खटला म्हणजे केरळमधला, बिजॉय इमॅन्युएल. यहोवा विटनेस पंथाची तीन भावंडं. शाळेत राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण त्यांच्या श्रद्धेनुसार गायची नाहीत. १९८५ साली त्यांना शाळेतून काढलं. १९८६ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, मुलं आदराने उभी होती, गायलंच पाहिजे अशी कायद्यात सक्ती नाही, त्यांना परत घ्या. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींनी निकालाच्या शेवटी लिहिलं आहे की आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, ती पातळ होऊ देऊ नका. पुढे २०१६ साली थेटरात सक्ती आली तीही २०१८ च्या जानेवारीत ऐच्छिक झाली.

शाळेने शिकवावं का, तर जरूर. पण शिकवणं आणि सक्ती ह्यांत फरक आहे आणि तो कोर्टाने चाळीसेक वर्षांपूर्वी सांगून ठेवला आहे. पाच वेळा लिहून आणण्याविरुद्ध मात्र कुठलं कलम नाही, ते मी स्वतः शाळेत असताना शोधलं होतं.

---

बंडोपंत

बाई, 'वाट पाहे' ला मी चारी मुंड्या चीत. आजपर्यंत लक्षातच आलं नव्हतं.

एक शंका मात्र कायम आहे. समजा अर्थ कळला, नकाशा झाला, तरी रोज म्हटलं की दहा दिवसांत पुन्हा तोंडपाठ पोपटपंची होणारच. मग रोज का म्हणायचं? आठवड्यातून एकदा, सोमवारी, पण नीट, असं का नको? (हे मी, एका सुरातच सगळं आलं म्हणणारा, विचारतोय हे मान्य.)

---

खडू-डस्टर

पंत, पोपटपंची होतेच. मला नाही वाटत त्यात काही वाईट आहे. पसायदानही रोज म्हटलं की पोपटपंचीच होते, पण 'दुरितांचे तिमिर जावो' कधीतरी चाळिशीत रुग्णालयाच्या बाकावर अचानक आठवतं आणि कळतं. पाठ असल्याशिवाय आठवणार कुठून? मी फक्त एवढंच म्हणते की पाठ होताना एकदा तरी दार उघडून दाखवावं, आत काय आहे ते. मग रोज म्हणा की सोमवारी, मुख्याध्यापक ठरवतील.

तास दुसरा, तुमच्या बसगाड्या दुपारी निघतात ना? तेव्हा आखा. फक्की नसेल तर खडूने फरशीवर. आणि अठ्ठावन्न पोरं म्हणजे समुद्र केवढा मोठा होईल बघा.

---

दुपारचा चहा

सगळ्यांचे आभार. थोडं उशिरा लिहिते आहे, मध्ये लेकीला ताप होता.

काल शाळेत जाऊन आले. तास दुसरा यांचं ऐकलं, डायरी पर्समध्येच ठेवली. बाई तरुण आहेत, पंचविशीच्या असतील. मी 'मागे'ची गोष्ट सांगितली तर त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, "मीसुद्धा डी.एड. होईपर्यंत 'तवा शुभ नामे' म्हणायचे." शिक्षेचा विषय मी काढला नाही, त्यांनीच काढला. वर्गावर त्या दिवशी तपासणी होती म्हणे. पुढे काही बोलल्या नाहीत आणि मीही ताणलं नाही. नकाशाचं सांगितलं तर म्हणाल्या, बघते. 'बघते' म्हणजे काय ते मला कळतं, मीही ऑफिसात हेच म्हणते.

घरी मात्र आम्ही केला. हॉलमधला सतरंजीचा तुकडा म्हणजे भारत. हिमाचल नवरा, कारण उंच तोच. सासूबाईंना गंगा केलं, त्या गुडघ्यामुळे खुर्चीत बसूनच वाहिल्या. मी विंध्य, वाकून, आणि लेकीने मला सक्त ताकीद दिली की अगस्ती येईपर्यंत उठायचं नाही. ती स्वतः समुद्र. सोफ्यावरून खाली तीन वेळा उसळली, चौथ्यांदा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वर फोन केला.

बाई, 'सिंध' कुणाला करायचं हा प्रश्न आमच्याकडेही आला, माणसं कमी पडली. लेकीने तिचा कापडी ससा सतरंजीच्या कडेला बसवला. कान आत, पाय बाहेर.

शिक्षेच्या पाचातल्या दोन खेपा राहिल्या होत्या, त्या तिने काल पूर्ण केल्या. 'जलधितरंग' एक शब्द, धि ऱ्हस्व, दोन्ही वेळा बरोबर. फक्त झेंड्याच्या चक्राला ती अजूनही दीतरंगच म्हणते. म्हणाली, समुद्रही निळाच असतो ना आई, मग तो त्याचाच रंग.